टाकीवरचा आकडा, केबिनमधला कागद

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका वाहतूकदाराच्या कचेरीत मी कारकुनी करतो. बिल्ट्या लिहायच्या, गाड्यांच्या कागदपत्रांच्या तारखा सांभाळायच्या, चालकांचा हिशेब ठेवायचा, हे माझे काम. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास फोन वाजला. आमच्याच वस्तीत राहणारा एक चालक सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर घेऊन वापीला निघाला होता. तलासरीच्या अलीकडे परिवहन खात्याच्या पथकाने त्याची गाडी बाजूला घेतली होती.

"भाऊ, जयभीम. साहेब म्हणतात कागद चुकीचा आहे. कागद तर तुम्हीच दिलाय. आता मी काय सांगू?"

कागद खरोखरच चुकीचा होता, आणि तो मीच दिला होता. टँकरच्या मागच्या पाटीवर आकडा होता १८३०. केबिनमधल्या कार्डावर आकडा होता १७८९. पहिला सल्फ्युरिक ॲसिडचा, दुसरा हायड्रोक्लोरिक ॲसिडचा. आमच्या कचेरीत दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स प्रतींचे गठ्ठे शेजारी शेजारी असत. संध्याकाळच्या घाईत मी हाताला लागला तो कागद बिल्टीला टाचला आणि चालकाने तो न वाचता केबिनच्या खणात टाकला. दोन्ही ॲसिडे एकाच वर्गातली, म्हणून टाकीवरचे चौकोनी चित्रही दोन्हींचे सारखेच. फरक फक्त आकड्यात होता आणि अधिकाऱ्याने नेमका तोच पाहिला.

गाडी रात्रभर उभी राहिली. दंड झाला. दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितले की दंडाची रक्कम चालकाच्या हिशेबातून वळती करा. मी म्हटले, चूक माझी आहे, माझ्या पगारातून कापा. थोडी वादावादी झाली, अखेर तसेच झाले. पण वाचकहो, पैशाची गोष्ट मी केव्हाच विसरलो. विसरता येत नाही ती दुसरी गोष्ट. वाटेत कुठे व्हॉल्व्ह गळला असता आणि क्लिनरने माझ्या त्या चुकीच्या कागदावर विसंबून सांडलेल्या ॲसिडवर बादलीभर पाणी ओतले असते तर? तीव्र सल्फ्युरिक ॲसिडवर पाणी पडले की ते क्षणात उकळते आणि उडून तोंडावर येते. आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सर्वांनी शिकलेलेच आहे, ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये घालू नका. तो क्लिनर एकोणीस वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या आईला मी रोज नळावर पाहतो.

त्या रात्रीपासून तपासणीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आपल्या चालक बांधवांत एक समज पक्का बसला आहे की रस्त्यावरची तपासणी म्हणजे साहेबांची कटकट, काहीतरी हातावर टेकवले की सुटका. कटकट असते, हे मी नाकारत नाही. हात पसरणारेही भेटतात. पण तपासणीत जे कागद मागतात त्यांतले निम्मे कागद सरकारसाठी नसून चालकाच्या आणि क्लिनरच्या जिवासाठी आहेत, ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगितलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

रस्ता आपल्या दारातून जातो

ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत आणि पलीकडे गुजरातेत वापी, अंकलेश्वर आहे. कच्चा माल तिकडून इकडे येतो, तयार माल इकडून तिकडे जातो. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले क्लिनर म्हणून चढतात आणि चालक होऊन उतरतात. डोंबिवलीहून निघालेली गाडी शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करीत घोडबंदर रस्त्याला लागते. गायमुखाचा घाट उतरून फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरून वर्सोव्याचा खाडीपूल ओलांडते. मग मनोर, चारोटी, तलासरी, अच्छाड, आणि हद्द ओलांडली की भिलाड, वापी. या रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसे राहतात, टपऱ्या आहेत, शाळा आहेत.

याच रस्त्यावर चारोटीजवळ मार्च २०१४ मध्ये गॅसचा टँकर उलटला आणि पेटला. त्यात माणसे गेली. तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता, तो सारा भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर ओघळले आणि खालून जाणाऱ्यांनाही जीव गमवावा लागला. एकूण चार जण दगावले. त्या खालून जाणाऱ्यांचा त्या टँकरशी काय संबंध होता?

कायदा कोणावर काय टाकतो

१९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील १९८९ चे केंद्रीय नियम देशभर एकच आहेत. महाराष्ट्रात एक पाटी आणि गुजरातेत दुसरी असे नाही. धोकादायक मालाबद्दलचे नियम १२९ ते १३७ या क्रमांकांत आहेत. मी ते आणून वाचले. कायद्याची भाषा किचकट असली तरी त्यातला न्याय सरळ आहे.

माल पाठवणाऱ्याने मालाचे खरे नाव, त्याचा धोका आणि अपघात झाल्यास काय करावे याची पूर्ण माहिती गाडीमालकाला दिली पाहिजे. गाडीमालकाने ती माहिती पुरी आणि अचूक आहे याची खात्री करून घेतली पाहिजे, गाडी सुस्थितीत दिली पाहिजे, प्रथमोपचाराची पेटी, हत्यारे, सुरक्षेची साधने दिली पाहिजेत, आणि चालकाला ती माहिती समजली आहे हे पाहिले पाहिजे. 'दिली आहे' एवढ्यावर नियम थांबत नाही, 'समजली आहे' असे म्हणतो. चालकाने ती लेखी माहिती, जिला सगळे ट्रेम कार्ड म्हणतात, केबिनमध्ये ठेवली पाहिजे. म्हणजे तीन माणसांची जबाबदारी आहे. पण रस्त्यावर साहेबांसमोर उभा असतो तो एकच. कारखान्याचे साहेब वातानुकूलित खोलीत असतात, मालक घरी झोपलेले असतात, आणि पावसात भिजत उत्तरे देतो चालक.

कायद्याच्या कलम १९० प्रमाणे असे नियम मोडून गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा, हे सारेच दोषी ठरतात. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'चालवायला लावणारा' हे शब्द चालकांनी पाठ करून ठेवावेत. कार्ड नसताना "जा रे, काही होत नाही" असे कोणी म्हणाले, तर त्याला हे शब्द नम्रपणे ऐकवावेत.

परवान्याची गोष्ट

नियम ९ सांगतो की धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाला नेहमीच्या परवान्याशिवाय आणखी दोन गोष्टी हव्यात. एक, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे. दुसरी, तीन दिवसांचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला. त्यानंतर परवान्यावर तशी नोंद होते. पूर्वी ही नोंद एकच वर्ष चालत असे, २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत तीन वर्षांची झाली. नूतनीकरणाच्या वेळी उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

मुदत वाढली हे चांगले झाले, पण तीन वर्षांत माणूस विसरतो. आमच्याकडे तपासले तेव्हा सात चालकांपैकी दोघांची मुदत संपून महिना उलटला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. आणि प्रशिक्षणाबद्दल एक कडू गोष्ट सांगतो. न बसता दाखला मिळवून देणारे दलाल आहेत. पैसे भरून दाखला आणलेला चालक अधिकाऱ्यासमोर कदाचित निभावून जाईल, पण गळणारा व्हॉल्व्ह दाखला विचारीत नाही. तीन दिवसांची मजुरी बुडते, हे मला कळते. ती मालकाने द्यावी, हा आग्रह आपण संघटितपणे धरला पाहिजे.

इंग्रजीच्या अटीवर आमच्याकडे एकदा वाद झाला होता. एक जुने चालक म्हणाले, "तीस वर्षे गाडी चालवली, इंग्रजीवाचून काय अडले?" मी त्यांना टाकीवरची पाटी वाचायला सांगितली. ते गप्प झाले. त्यांना लाजवायचा माझा हेतू नव्हता, पण तसे झाले खरे. नंतर मी त्यांच्या घरी जाऊन चहा घेतला आणि आम्ही दोघांनी मिळून पाटीवरचे शब्द मराठीत लिहून काढले.

पाटी कशी वाचायची

टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जी मोठी चौकटीची पाटी असते तिच्यावर मालाचे शास्त्रीय नाव, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला चार आकडी क्रमांक, अग्निशामक दलासाठीची खूण, धोक्याच्या वर्गाचे चित्र, आणीबाणीत फोन करण्याचा क्रमांक आणि माल पाठवणाऱ्याचा फोन एवढे असते. चार आकडी क्रमांकाची अक्षरे किमान १०० मिलिमीटर उंच, चित्र किमान २५० मिलिमीटर चौरस. लांबून दिसावे म्हणूनच हे माप.

चित्र कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनात असते. लाल चौकोनात ज्वाळा असली तर पेट घेणारा द्रव, तिसरा वर्ग. पांढऱ्या-काळ्या चौकोनात हातावर आणि पत्र्यावर ठिबकणारी नळी असली तर जाळणारे ॲसिड, आठवा वर्ग. कवटी असली तर विष. एकूण नऊ वर्ग आहेत. पेट्रोलचा क्रमांक १२०३, मिथेनॉलचा १२३०. हे दोन्ही किती सारखे दिसतात पाहा! पेट्रोलच्या टँकरवर ३ वाय ई अशी खूण असते. त्यातला ३ म्हणजे आग विझवायला फेस वापरा, आणि शेवटचा ई म्हणजे आसपासची माणसे हलवण्याचा विचार करा. ही ई ची खूण आपल्या वस्त्यांतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावी असे मला वाटते. रस्त्याच्या कडेला टँकर उलटला की लोक डबे घेऊन धावतात. ई दिसली की उलट दिशेने धावायचे असते, तेही वारा जिकडून येतो तिकडे.

रिकाम्या टँकरबद्दल दोन शब्द. माल उतरला की चालक निर्धास्त होतो. परंतु धुतलेला नसलेला रिकामा टँकर आत वाफ धरून असतो, आणि पेट घेणाऱ्या मालाच्या बाबतीत ती वाफ भरलेल्या टाकीपेक्षाही घातक ठरू शकते. परतीच्या वाटेवर पाटी झाकायची नाही आणि कार्ड फेकायचे नाही. टाकी धुतल्याखेरीज तिच्यावर वेल्डिंग तर मुळीच नाही.

निघण्याआधीचा अर्धा तास

आता आमच्याकडे एक पद्धत पडली आहे. गाडी भरली की चालक, क्लिनर आणि मी असे तिघे टाकीमागे उभे राहतो. पाटीवरचा आकडा क्लिनर मोठ्याने वाचतो, कार्डावरचा चालक, बिल्टीवरचा आणि कारखान्याच्या चलनावरचा मी. चारही जुळले तर गाडी हलते. सुरुवातीला बाकीचे हसत. आता हसत नाहीत.

नंतर बाकीचे कागद. नोंदणीचे पुस्तक, योग्यतेचा दाखला, राष्ट्रीय परवाना आणि त्याच्या शुल्काची चालू पावती, विमा, धुराचा दाखला. आठ वर्षांपर्यंतच्या मालगाडीचा योग्यतेचा दाखला दोन वर्षांचा, त्यानंतर दरवर्षी. विम्याचे एक लक्षात ठेवावे, धोकादायक माल वाहणाऱ्या गाडीला नेहमीच्या विम्याशिवाय १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसीही लागते, आणि तीच पुष्कळदा राहून जाते. पेट्रोल-डिझेलच्या टँकरला नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो' या स्फोटक खात्याचा परवाना हवा. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल हवे. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. वाटेत गाडी नादुरुस्त होऊन माल दुसऱ्या गाडीत गेला तर बिलावरचा गाडीचा क्रमांक बदलून घ्यावा लागतो, नाहीतर चांगल्या कागदाचा वाईट कागद होतो. मोबाईलमधल्या डिजिलॉकरचे कागद २०१८ पासून चालतात. तरीही मी प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या पाकिटात झेरॉक्स देतो, कारण एक तर तलासरीच्या पुढे फोनची चार्जिंग संपते, आणि दुसरे म्हणजे पेट घेणाऱ्या मालाच्या टाकीजवळ उभे राहून मोबाईल काढायचा नसतो.

गाडीत काय पाहतात? टायर, ब्रेक, दिवे, धुराड्यावरची ठिणगी अडवणारी जाळी, आग विझवण्याच्या नळकांड्यावरची तारीख, चाकाखाली घालायचे गुटके, व्हॉल्व्हचे झाकण, प्रथमोपचाराची पेटी. आमच्या एका गाडीच्या पेटीत काय निघाले सांगू? तंबाखूची पुडी, पत्त्यांचा जोड आणि अर्धा कांदा.

हात दाखवून थांबवले तर

गाडी उतारावर नाही, वस्तीला लागून नाही, अशा जागी बाजूला घ्यावी. इंजिन बंद, गुटके लावावे, विडी-सिगारेट नाही. खाली उतरून नमस्कार करावा आणि आधी सांगावे, "साहेब, आत अमुक माल आहे, कृपया सिगारेट नको." मालाचे नाव चालकाने स्वतःहून सांगितले की समोरच्या माणसाचा सूर बदलतो, हे मी अनेकांकडून ऐकले आहे. टाकीचे वरचे झाकण किंवा व्हॉल्व्ह रस्त्यावर उघडून दाखवू नये. कोणी आग्रह केलाच तर कार्डावरच्या क्रमांकावर फोन लावून द्यावा. परवाना किंवा कागद ठेवून घेतला तर पावती मागावी. कलम २०६ खाली कागद जप्त केला तर तात्पुरती पोच द्यावी लागते. दंड झाला तर चलन घ्यावे. चलनाशिवाय दिलेला पैसा कुठल्याच हिशेबात लागत नाही आणि पुढच्या वेळी त्याच माणसाला तो पुन्हा द्यावा लागतो.

नाके पूर्वीसारखे राहिले नाहीत. जकात गेली, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. परिवहन खात्याची वायुवेग पथके मात्र कुठेही उभी राहतात. म्हणून 'नाका आला की बघू' ही जुनी युक्ती आता चालत नाही.

ठाण्यात अवजड गाड्यांना प्रवेशबंदीच्या वेळा असतात. त्या वेळात टँकर रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभे असतात आणि चालक चाकाशेजारी झोपतो. नियम सांगतो की गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि तिच्याजवळ चालक किंवा अठरा वर्षांवरचा जाणता माणूस ठेवा. पण सुरक्षित जागा द्यायची कोणी? पाणी, संडास, निवारा असलेला वाहनतळ रसायनांच्या टँकरसाठी वेगळा हवा, ही मागणी आपल्या नगरसेवकांकडे आपण कधी नेलेली नाही. चालकावर बोट दाखवण्याआधी हेही पाहिले पाहिजे.

रात्रीची जादा मजुरी

तरुणांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. २०१४ च्या नोव्हेंबर महिन्यात उल्हासनगरला वालधुनी नदीत एका टँकरमधून रासायनिक सांडपाणी ओतले गेले. पहाटे नदीकाठच्या वस्तीतली माणसे गुदमरून जागी झाली, शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा टँकरवर कोणीतरी चालक असतोच. त्याला सांगितलेले असते, एका रात्रीचे दुप्पट पैसे, कागद विचारू नकोस.

कारखान्यातला घातक कचरा नेण्याचे नियम २०१६ चे आहेत. त्यासोबत सात प्रतींचे मॅनिफेस्ट लागते, प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची, आणि माल जिथे पोचायचा तिथल्या सही-शिक्क्याने ती पुरी होते. विल्हेवाटीसाठी कचरा दुसऱ्या राज्यात न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना-हरकत पत्र लागते. रंगीत प्रती नाहीत, ना-हरकत नाही, उतरवण्याचा पत्ता तोंडी, अशी फेरी आली तर ती घेऊ नये. ज्या नदीकाठी आपली माणसे राहतात तिथेच तो माल ओतला जाणार असतो.

घरच्यांसाठी

भगिनींनो, तुमच्याशिवाय हे काम पुरे होणार नाही. घरातल्या दिनदर्शिकेवर परवान्याच्या नोंदीची, विम्याची आणि योग्यतेच्या दाखल्याची तारीख लाल शाईने लिहून ठेवा, संपण्याच्या महिनाभर आधीच्या पानावर. सगळ्या कागदांची एक प्रत घरी असू द्या. डबा बांधून द्या, म्हणजे केबिनमध्ये स्टोव्ह पेटवायची वेळ येणार नाही. केबिनमध्ये तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावण्याची पुष्कळांची सवय आहे. पेट्रोल, मिथेनॉल, गॅस यांच्या गाडीत अगरबत्ती नको, फूल वाहावे. १०१ अग्निशामक, १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, १०३३ राष्ट्रीय महामार्ग, हे क्रमांक घरातल्या लहानांनाही पाठ असावेत. अपघातानंतर चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवणे नियमानेच बंधनकारक आहे. पळून गेला की निर्दोष माणूसही गुन्हेगार दिसतो.

ज्या चालकाच्या फोनने हा लेख सुरू झाला, त्याची मुलगी नववीत आहे. आता ट्रेम कार्ड आदल्या रात्री घरी येते. ती इंग्रजी ओळ वाचते, मराठीत सांगते, वडील आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवतात आणि आई भाकऱ्या थापता थापता चुका काढते. मागच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलीने मलाच विचारले, "काका, कार्डावर पाणी लावून पंधरा मिनिटे डोळे धुवा असं लिहिलंय. गाडीत एवढं पाणी असतं का?"

सोमवारी आम्ही प्रत्येक गाडीत वीस लिटरचे दोन कॅन ठेवले.